शेहेचाळीस घोडे, एक लगाम

राजुऱ्याच्या बाजारपेठेत एखाद्या दुकानासमोर नवी मोटारसायकल उभी राहिली की शेजारचे व्यापारी प्रथम तिची किंमत विचारतात, मग ती लिटरला किती किलोमीटर धावते ते विचारतात, आणि शेवटी ती कोणी घेतली हे विचारतात. परंतु अलीकडे काही घरांसमोर अशी गाडी दिसू लागली आहे की जिच्याबाबत पहिला प्रश्नच वेगळा असतो. तिला पुढे काच नाही, बाजूंना आवरण नाही, इंजिन उघडे, सांगाडा उघडा, टाकी तेवढी पैलवानाच्या खांद्यासारखी फुगलेली. घरातील आजी तिच्याकडे पाहून विचारतात, "हिचे काम अर्धवट राहिले आहे काय?"

काम पूर्णच असते. इंग्रजीत अशा गाडीला 'नेकेड' म्हणतात. खरे तर जुन्या काळी सर्वच मोटारसायकली अशा होत्या. राजदूत, जावा, बुलेट यांपैकी कोणाच्याही अंगावर आवरण नव्हते. १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांचे अनुकरण सुरू झाले आणि वारा कापण्यासाठी प्लास्टिकची कवचे आली. युरोपातील काही तरुणांची गाडी पडून कवच फुटले की ते नवे न बसवता उघडी गाडीच चालवीत. त्यातून एक आवड निर्माण झाली आणि इटलीच्या डुकाटी कंपनीने १९९३ मध्ये विक्रीस आणलेल्या 'मॉन्स्टर'ने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. गती वाढली, परंतु झाकणारे काही उरले नाही, हे या गाडीचे मुख्य लक्षण होय.

राजुऱ्यातील एका व्यापारी घराची कल्पना करावी. धान्य व किराण्याची पेढी, तीन पिढ्यांचा व्यवहार. वडिलांनी तरुणपणी याच पेढीसाठी चेतक स्कूटर चालविली. पायाशी डाळीचे पोते, मागे वसुलीची वही, आणि वेग असा की रस्त्यातील प्रत्येक ओळखीच्या माणसाला 'जय जिनेंद्र' म्हणता यावे. त्या स्कूटरची शक्ती साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. आता चोवीस वर्षांच्या मुलाने मागितली आहे ती केटीएमची ३९० ड्यूक. २०२४च्या नव्या आवृत्तीत तिचे इंजिन ३९९ सीसीचे आहे, शक्ती सुमारे ४६ अश्वशक्ती आणि वजन १७० किलोंच्या आत. तुलनेसाठी सांगायचे तर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००ची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आतच होती, आणि तिला सहाशे किलोंहून अधिक वजन व चार माणसे वाहायची असत. मोटारीहून अधिक बळ दोन चाकांवर आणि एका माणसाच्या मनगटाखाली आले, एवढे लक्षात घेतले म्हणजे वडिलांच्या कपाळावरील आठी समजते.

मुलाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे ते तिच्या कमाल वेगाबद्दल फारसे बोलत नाहीत, ते तिच्या तत्परतेबद्दल बोलतात. मूठ किंचित फिरवावी आणि गाडीने आज्ञा होण्यापूर्वीच ती ओळखावी, असा तो अनुभव असतो. पहाटे गडचांदूरकडे जाताना, पुढे माणिकगडाच्या डोंगरातून जिवतीकडे चढताना, छातीवर थेट वारा येतो. पावसाळ्याच्या आरंभी ओल्या मातीचा आणि सागाच्या पानांचा वास मोटारीच्या बंद काचेआड कधी पोहोचत नाही, तो येथे पोहोचतो. दिवसभर गल्ल्यावर बसून उधारीचे आकडे जुळविणाऱ्या तरुणाला आठवड्यातून दोन तास पूर्णपणे स्वतःचे मिळतात. ही गरज उथळ नव्हे.

तथापि मालकीचे इतर दिवसही असतात. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी बाजारातील गर्दीत गाडी रेंगाळली की इंजिनाचा पंखा तापलेली हवा थेट मांड्यांवर सोडतो. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांमुळे या तालुक्याच्या रस्त्यांवर अवजड ट्रकांची रांग संपत नाही. उघड्या गाडीवरील स्वार ती धूळ अक्षरशः गिळतो. साखळी दर पाच-सहाशे किलोमीटरांनी स्वच्छ करून तिला तेल द्यावे लागते, येथील धुळीत त्याहूनही लवकर. रुंद टायर महाग असतात आणि लवकर झिजतात. वर्धा नदीला पूर येऊन बल्लारपूरकडील पूल पाण्याखाली गेला की ४६ अश्वशक्तीही सायकलवाल्याच्या शेजारीच थांबते.

या गाडीच्या जन्मकथेत व्यापारी घरांनी लक्ष द्यावे असा एक धडा आहे. ती ऑस्ट्रियाची म्हणून ओळखली जात असली तरी भारतात विकली जाते ती पुण्याजवळच्या चाकणची, बजाज ऑटोच्या कारखान्यातली. बजाज घराण्याचे मूळ कार्यक्षेत्र आपल्या विदर्भातील वर्धा. जमनालालजींच्या या घराण्याने २९ नोव्हेंबर १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने कंपनी स्थापली. १९४८ पासून ती आयात केलेल्या दुचाक्या व तीनचाक्या विकू लागली, आणि १९५९ मध्ये तिला स्वतः निर्मिती करण्याचा परवाना मिळाला. पुढे राहुल बजाज यांच्या काळात चेतकसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी असे.

त्यांचे पुत्र राजीव बजाज यांनी मात्र मोटारसायकलीवर भर दिला. २००१ मध्ये पल्सर आली, २००७ मध्ये केटीएममध्ये भांडवल गुंतविले गेले, आणि २००९च्या अखेरीस स्कूटरनिर्मिती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. राहुलजींनी आपल्याला या निर्णयाने दुःख झाले, असे उघडपणे सांगितले. तरीही त्यांनी मुलाचा निर्णय उलटविला नाही. २०१२ मध्ये २०० ड्यूक आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक भारतीय बाजारात आली. चाकणची ही गाडी परदेशातही गेली. पुढे २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेवरील स्कूटरच्या रूपाने परत आले. मुलाचे गणित चुकले नव्हते, आणि वडिलांचे मनही चुकले नव्हते, असेच म्हणावे लागते.

कथेला आणखी एक वळण आहे. गतीचा अभिमान मिरविणारी केटीएम स्वतः अडखळली. न विकलेल्या गाड्यांचा साठा आणि कर्जाचा भार वाढून नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला ऑस्ट्रियाच्या न्यायालयात दिवाळखोरीसंबंधी प्रक्रिया सुरू करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्यापैकी ३० टक्के स्वीकारण्यास मान्यता दिली, आणि ती रक्कम उभी राहिली ती बजाजच्या साहाय्याने. माल उठत नसताना कारखाना पूर्ण वेगात चालविणे म्हणजे वळण दिसत असताना मूठ पिळणे होय. किराण्याच्या पेढीला हा नियम निराळा लागू होत नाही.

आता घरच्या वहीकडे यावे. जीएसटीच्या नव्या रचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यावरील गाड्यांवर ४० टक्के कर आहे. ३९९ सीसीची गाडी या रेषेच्या पलीकडे पडते. समजा तीन लाखांचे कर्ज दहा टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,६८० रुपये येतो आणि व्याजापोटी साधारण ४८,५०० रुपये जातात. चौथ्या वर्षी विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसार गाडीच्या मूल्यातून ४० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे सोन्यासारखी ही मालमत्ता नव्हे. तिला खर्च समजूनच घ्यावे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये, तर ३५० सीसीवरील गाडीला २,८०४ रुपये आहे. हप्त्यातील हा फरक म्हणजे विमाशास्त्राने जोखमीला दिलेली किंमतच आहे.

विम्याबाबत एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते. केवळ कायद्याने सक्तीचा त्रयस्थ विमा असेल, तर मागे बसलेल्या व्यक्तीची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेला आहे. मागच्या आसनावर बहीण किंवा पत्नी बसणार असेल तर सर्वसमावेशक पॉलिसीच घेतली पाहिजे. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्यासाठीही वैध परवाना आवश्यक असतो. आणि दुकानातील सोळा-सतरा वर्षांच्या पुतण्याने "एक फेरी मारतो" म्हणून चावी मागितली, तर २०१९च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड सांगतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते ती निराळीच.

वेगाचे गणित व्याजाच्या गणितासारखे आहे, सरळ नव्हे, चक्रवाढीचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे जाते, ९० वर पंचवीस मीटर. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात गाडी जणू कोणाच्याच ताब्यात नसते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. १२५ सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकत नाही, परंतु रस्त्यावर सांडलेल्या कोळशाच्या भुकटीवर कोणतेही यंत्र चमत्कार करीत नाही. त्यातच हा प्रदेश जंगलाचा. रात्री रानडुक्कर, नीलगाय रस्ता ओलांडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये माणसांवर हल्ले करणारा आरटी-१ हा वाघ राजुऱ्याच्याच वनक्षेत्रात पकडला गेला, हे येथील लोक विसरलेले नाहीत.

संध्याकाळी शेतांच्या कडेने जाताना कीटकांचे थवे दिव्याकडे झेपावतात. आवरण नसलेल्या गाडीवर ते थेट हेल्मेटच्या काचेवर आणि छातीवर आदळतात. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, त्या घरातील मुलाने त्याच वेळेपर्यंत गाडी अंगणात लावावी, हा नियम त्यामुळे जाचक वाटू नये. दृष्टी, जीवजंतू आणि आईचा जीव, तिघांचेही त्यात भले आहे. संरक्षक पोशाखाचाही प्रश्न असाच सुटतो. स्वारांची जाकिटे व हातमोजे पूर्वी चामड्याचेच चांगले असे मानले जाई. आता घर्षण सहन करणाऱ्या जाड कृत्रिम धाग्यांचे, खांदा-कोपरांवर कवच असलेले जाळीदार पोशाख मिळतात. ते आपल्या उन्हाळ्यालाही सोयीचे असतात. चामडे नको म्हणून साध्या सदऱ्यावर निघणे, ही सबब आता चालण्यासारखी नाही.

कल्पिलेल्या त्या घरात अखेर काय झाले असते? बहुतेक घरांत होते तेच. काही आठवडे अबोला, आजींची मध्यस्थी, आणि मग वडिलांच्या तीन अटी. निम्मी रक्कम मुलाने स्वतःच्या पगारातून साठवावी, पोशाख आणि पूर्ण विमा गाडीच्या आधी घ्यावा, आणि पहिले सहा महिने महामार्गावर रात्री जाऊ नये. मुलाने चौदा महिने पैसे साठविले. एवढ्या काळात निव्वळ हौस असती तर विरली असती. ती विरली नाही, हे वडिलांनी न बोलता नोंदविले.

गाडी घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलाने भद्रावतीला दर्शनास जाण्याची आज्ञा मागितली. वडील म्हणाले, "मीही येतो. मागे बसेन." ड्यूकचे मागचे आसन अरुंद आणि उंच. साठीला टेकलेल्या गृहस्थाने त्यावर चढणे हे पाहणाऱ्यांना थोडे विनोदीही वाटले असते. दोघांनी हेल्मेटचे बंद आवळले. वर्धेच्या पुलावर नदीवरून गार वारा आला. मागून ट्रक आला तेव्हा मुलाने गाडी डावीकडे घेतली, त्याला जाऊ दिले आणि मूठ पिळली नाही. वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर होता. चंद्रपूर येईपर्यंत त्या हाताची पकड सैल झाली.

भद्रावतीला उतरल्यावर ते एवढेच म्हणाले, "गाडी चांगली आहे. तू सावकाश आणलीस."

मुलाने उत्तर दिले, "बाबा, तुम्ही मागे होता ना."

"मग रोज आहे असेच समज," वडील म्हणाले, आणि चपला काढून पुढे गेले.

बलशाली वस्तूची मालकी मिळविण्यास पैसा लागतो. तिचे बळ बहुतांशी न वापरता तिच्यावर बसण्यास मात्र घराचे संस्कार लागतात. ज्या पेढीने गल्ल्यातील रोकड दिसत असतानाही उधळपट्टी केली नाही, त्या पेढीच्या वारसाला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये.