वाहवा आणि जामीन

कवींवर विनोद करणे ही आपल्याकडची फार जुनी करमणूक आहे. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या प्रवासात किंवा कचेरीतल्या चहाच्या सुट्टीत कुणी खिशातून घडी घातलेला कागद काढला, की आजूबाजूची माणसे एकदम घड्याळाकडे पाहू लागतात. तालुक्याच्या गावी सहज खडा भिरकावला तरी तो कवीलाच लागतो, असे म्हणून आपण हसतो. हसण्याच्या भरात एक गोष्ट मात्र ध्यानात येत नाही. ज्याच्या कागदाला आपण इतके घाबरतो, त्याच्या घरातही तो कागद ऐकायला बहुधा कुणी तयार नसते. मग तो आपल्यासारखीच माणसे शोधू लागतो. अशी सात-आठ माणसे एकमेकांना सापडली, की एक काव्यमंडळ जन्माला येते.

अशी मंडळे महाराष्ट्रात जागोजाग आहेत. ग्रंथालयाचा वरचा हॉल, रविवारी रिकामा असलेला शाळेचा वर्ग, नाहीतर कुणाच्या तरी घराची गच्ची, एवढ्या भांडवलावर ती चालतात. सतरंजी एक जण घालतो, चहाचा थर्मास दुसरा आणतो. जमणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात, तलाठी असतात, परिचारिका असतात, औषधांच्या दुकानातले गृहस्थ असतात आणि मुले मार्गी लागल्यावर पन्नाशीत वही उघडणाऱ्या गृहिणीही असतात. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी वाहवा म्हणायचे, मग पुढच्याने वाचायचे. बाहेरून पाहणाऱ्याला उंटाच्या लग्नात गाढवे गायला बसल्याची सुभाषितातली गोष्ट आठवते. मी कादंबऱ्या लिहितो, कविता लिहीत नाही. त्यामुळे अशा बैठकांना मला निव्वळ श्रोता म्हणून बोलावतात आणि मीही आनंदाने जातो. तिथे जे चालते ते हास्यास्पद आहे, असे मला कधीच वाटले नाही. त्यात एक जोखीम मात्र आहे आणि तिच्याविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे.

आधी या मंडळांची बाजू मांडतो. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. पुण्या-मुंबईपासून दूर बसून एका माणसाने कवींसाठी घर बांधावे, तसा तो प्रकार होता. पुढे १९०७ मध्ये जळगावातच कवींचे संमेलन भरले. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे पेशाने वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. त्या संमेलनात त्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि आज आपण त्याला त्याच नावाने ओळखतो. पण शाबासकीची गोष्ट तिथे संपली नाही. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी या मुलाला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याचे रुसवे-फुगवे सोसले. बालकवी १९१८ साली वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. त्या अल्प आयुष्यात त्यांना पदवी सभेने दिली आणि जेवणाचे ताट एका घराने दिले. उत्तेजन या शब्दात या दोन्ही गोष्टी येतात, हे आपण लक्षात ठेवू.

दुसरे उदाहरण पुण्याचे. रविवारी चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या काही कविमित्रांनी १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन केले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे पती-पत्नी, नाट्यछटाकार दिवाकर, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर अशी ही मंडळी. त्यातले बरेचसे शिक्षकी पेशातले; कवितेवर पोट कुणाचेच नव्हते. त्याच वर्षी त्यांनी 'किरण' हा एकत्रित संग्रह काढला आणि कविता गाऊन दाखवत ती लोकांपर्यंत नेली. ही मंडळी एकमेकांची पाठ थोपटतात, असा आरोप त्यांच्यावरही झाला. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले'मधल्या विडंबनांनी तर त्यांची यथेच्छ टिंगल केली. अत्र्यांचा विनोद अजून टवटवीत आहे. पण या मंडळातले चौघे पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माधव जूलियन १९३६ साली जळगावला, माडखोलकर १९४६ साली बेळगावला, यशवंत १९५० साली मुंबईला आणि घाटे १९५३ साली अहमदाबादला. रविवारचा चहा प्यायल्याने अध्यक्षपद मिळते, असे मला म्हणायचे नाही. पण त्या चहाबरोबर कामही चालू होते. माधव जूलियनांनी 'छंदोरचना' हा वृत्तांवरचा भक्कम ग्रंथ सिद्ध केला, तो याच काळात. मित्रांची दाद घेणारा हा माणूस लघु-गुरू मोजताना कुणाची भीड धरत नव्हता.

आता जोखमीविषयी. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे मला दृष्टान्तही तिथलेच सुचतात. कर्जाच्या अर्जावर जामीनदाराची सही लागते. ही सही करणारे दोन प्रकारचे असतात. एक जण चष्मा लावून कागद वाचतो, रक्कम विचारतो, हप्ता विचारतो, कर्जदाराला बाजूला घेऊन 'तुला हे झेपेल ना रे?' म्हणतो आणि मग सही करतो. दुसरा 'कुठे करायची?' एवढेच विचारतो. अडचण या दुसऱ्याची असते. त्यातही 'मी तुला जामीन, तू मला जामीन' असा व्यवहार दिसला, की शाखेतला जुना माणूस सावध होत असे. दोघेही चांगले असतात, दोघांचीही दानत असते, पण दोन्ही कागद एकाच दोरीला टांगलेले असतात.

काव्यमंडळातली वाहवा ही अशीच सही असते. समोरच्याच्या कवितेला मी जामीन राहतो, असे ती सांगते. पुष्कळ ठिकाणी ती न वाचता, न ऐकता केली जाते, कारण यानंतर वाचायची पाळी आपली असते. 'फारच सुंदर', 'अंतःकरणाला भिडली', 'शब्दच नाहीत' ही वाक्ये कोणत्याही कवितेला लागू पडतात. ज्याला कवितेतली एकही ओळ आठवत नाही, त्यालाही ती म्हणता येतात. ती खोटी असतात असे नाही. पण त्यांच्यामागे तारण काहीच नसते.

यात कुणाचे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते ते घरातल्या माणसाचे, म्हणून तर हा विषय रविवारच्या पानावर आणला. दोन-तीन वर्षे अशी वाहवा ऐकलेल्या माणसाला एक दिवस पुस्तक काढावेसे वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. प्रकाशक कवितेच्या पुस्तकाला सहसा हात लावत नाहीत, म्हणून छपाईचा खर्च कवीनेच करायचा असे ठरते. तो खर्च निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून किंवा मोडलेल्या मुदतठेवीतून होतो. प्रकाशन समारंभ होतो, हार-तुरे होतात. मग प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली जातात आणि सूनबाईला केर काढताना अडचण होऊ लागते. प्रवेशशुल्क घेऊन कवितासंग्रहात एक पान देणारे, नोंदणीचे पैसे घेऊन सन्मानचिन्ह देणारे लोकही याच रस्त्यावर दुकाने मांडून बसलेले असतात. ज्यांनी सढळ हाताने सह्या केल्या, त्या जामीनदारांकडे हप्ता मागायला कुणी जात नाही. पुस्तक स्वखर्चाने काढण्यात गैर काहीच नाही. फक्त आपण ते आपल्या आनंदासाठी काढतो आहोत, हे कवीला आधी माहीत असावे, आणि ते त्याला त्याच्या मित्रांनीच सांगायला हवे.

मग काय, प्रत्येक कवितेची चिरफाड करायची? अजिबात नाही. पहिल्यांदा वाचायला उभ्या राहिलेल्या बाईच्या हातातला कागद थरथरत असतो. तिने ही गोष्ट नवऱ्यापासून वीस वर्षे लपवून ठेवलेली असू शकते. त्या क्षणी तिच्या यमकाचा हिशेब काढणारा विद्वान मला कठोर वाटत नाही, अडाणी वाटतो. त्या दिवशी तिला एवढेच कळायला हवे, की इथे आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले. वही पुन्हा कपाटात जाऊ नये, एवढेच त्या दिवसाचे काम. पण दहाव्या रविवारीही तिला पहिल्या रविवारचीच वाहवा मिळत असेल, तर मंडळ तिला माया देत नाही, टाळते आहे.

उर्दूच्या परंपरेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. मुशायऱ्यात मिळते ती दाद आणि उस्तादाकडून मिळते ती इस्लाह, म्हणजे दुरुस्ती. मिर्झा गालिब आपल्या शिष्यांच्या गझला टपालाने मागवून तपासत आणि दुरुस्त करून परत पाठवत. हरगोपाल तफ्ता या शिष्याला लिहिलेली त्यांची पत्रे आजही वाचली जातात. आपल्याकडे सुरेश भटांनी हाच वसा घेतला. गझल लिहू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि खेडोपाडीच्या अनोळखी मुलांच्या गझला पत्रांतून तपासून दिल्या. एवढ्या मोठ्या कवीला आपला वेळ स्वतःच्या कवितेवर घालवता आला असता. आज मराठीत गझल लिहिणाऱ्यांची जी मोठी फळी दिसते, तिच्या मुळाशी या पत्रांचे श्रम आहेत.

उस्ताद प्रत्येक गावाला मिळत नाही, हे खरे. पण सातजणांचे मंडळ मनावर घेईल तर सातजण मिळून एक उस्ताद होऊ शकतो. एका बैठकीत मी हे पाहिले आहे. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आईवर कविता वाचली. मायेचा सागर, वात्सल्याचा झरा, सगळे होते. शेवटच्या कडव्यात मात्र त्यांची आई रात्री दिवा मालवल्यावर अंधारात बोटांनी चाचपून दिवसाच्या मजुरीची नाणी मोजत होती. सवयीने वाहवा झाली. मग एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, राग मानू नका. वरची तीन कडवी आमच्यापैकी कुणीही लिहिली असती. हे शेवटचं मात्र तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही. कविता तिथून सुरू करा ना." त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत आणि मंडळात कुजबूज झाली, की बाईंनी विनाकारण दुखावले. त्यानंतरच्या रविवारी ते आले. कविता अंधारातल्या नाण्यांपासून सुरू होत होती आणि तिच्यात त्यांची तिकिटांची पेटीही आली होती. ती थोर कविता होती असे मी म्हणणार नाही. पण ती त्यांची होती, आणि वाचून झाल्यावर वाहवा म्हणायला लोकांना थोडा वेळ लागला.

मला वाटते, त्या शिक्षिकेने खरा जामीन दिला. तिने कागद वाचून सही केली. त्यासाठी दोन आठवडे वाईटपणा घेतला. उत्तेजन देणाऱ्याला एवढी किंमत मोजावी लागते. ज्या कौतुकात बोलणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही, ते ऐकणाऱ्यालाही फार दिवस पुरत नाही.

हे सारे मंडळांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात सुचलेली त्यांची गाणी घरातल्या माणसांनी कान देऊन ऐकली आणि कागदावर उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. नवकवींची टर उडवणाऱ्या अत्र्यांनीच त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. घरच्यांनी 'आईचं आपलं काहीतरी चाललेलं असतं' म्हणून कान बंद ठेवले असते, तर अत्र्यांना दाखवायला काहीच उरले नसते.

प्रत्येक घरात बहिणाबाई नसते. पण बऱ्याच घरांत एक वही असते. ती साड्यांच्या घडीखाली असते, किंवा कुठल्या तरी जुन्या वर्षाची बँकेची डायरी म्हणून टेबलाच्या खणात पडून असते. कधीतरी ती तुमच्यापुढे संकोचाने धरली जाईल. तेव्हा चाळून 'छान आहे' म्हणू नका. हातातले काम बाजूला ठेवा आणि ती सावकाश वाचा. कोणती ओळ आवडली ते सांगा, कोणती कळली नाही तेही सांगा, आणि पुढच्या रविवारी नवीन काय लिहिले ते आपण होऊन विचारा.