औषध लागू पडेल का, हे गाठच सांगते

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातील गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. पण ती वाढीचे संप्रेरक बेसुमार सोडू लागली की ‘ॲक्रोमेगॅली’ हा आजार होतो. अंगठी बोटात शिरत नाही, चपलेचे माप वाढते, जबडा पुढे येतो, मधुमेह आणि रक्तदाब मागे लागतात.

यावर पहिला उपाय सहसा नाकावाटे शस्त्रक्रिया. गाठ पूर्ण निघाली नाही, तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे महागडे इंजेक्शन दर महिन्याला, बहुधा वर्षानुवर्षे. काहींचा आजार त्याने पूर्ण आटोक्यात येतो, काहींचा थोडाफार, काहींचा जवळपास नाहीच. प्रचलित रीत अशी की इंजेक्शन सुरू करायचे, काही महिन्यांनी रक्तातील ‘आयजीएफ-१’ तपासायचे, डोस वाढवायचा, पुन्हा वाट पाहायची. या काळात पैसा तर जातोच. हृदय आणि सांध्यांची हानीही चालूच राहते.

वास्तविक, अंदाज बांधण्याची साधने हाताशी असतात. हे औषध गाठीच्या पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहींमार्फत काम करते. त्यांतील दुसऱ्या प्रकारचे ग्राही भरपूर असतील, तर गुण येण्याची शक्यता अधिक. पेशींत संप्रेरकाचे कण दाट असतील तर आशा जास्त, विरळ असतील तर कमी. एमआरआयच्या टी-२ प्रतिमेत गाठ काळपट दिसणे हीदेखील चांगली खूण. एकच खूण पुरेशी नसते. सगळ्या एकत्र वाचाव्या लागतात. तरीही अंदाज चुकू शकतो. म्हणून त्याच्या आधारे कोणाला औषध नाकारू नये. पेगव्हिसोमंट, पॅसिरिओटाइड किंवा सौम्य आजारात कॅबरगोलिन यांचा विचार किती लवकर करायचा, हे मात्र त्यावरून ठरवावे. पॅसिरिओटाइडने रक्तातील साखर वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

काढलेली गाठ तपासणीला जातेच. मग अहवालात ‘पिट्युटरी ॲडिनोमा’ एवढेच लिहून थांबायचे कशाला? वर्षानुवर्षांच्या इंजेक्शनांपुढे कण आणि ग्राही पाहण्याचा खर्च किरकोळ आहे. सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य योजनांत ही तपासणी नेहमीची व्हायला हवी. रुग्णांनीही बायोप्सीचा अहवाल आणि एमआरआयची सीडी जपून ठेवावी. मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला गाठीचा तुकडा नंतरही तपासता येतो. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.