अंगण वाकडें नव्हतें

नाचतां येईना त्याला अंगण वाकडें, ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. गतवर्षीं आमच्या संगणकाच्या वर्गांत मात्र उलटा प्रकार घडला. अंगण वाकडें नव्हतें, फाजील सरळ होतें. आणि दोष आम्हीं नाचणाऱ्यास दिला.

जालन्याची धूळ वाचकांस ठाऊक आहेच. तिच्यापासून टेबलें जपावीं म्हणून आम्हीं त्यांवर कांचा बसविल्या. दुसऱ्याच दिवशीं माऊस हट्टास पेटले. हात सरकला तरी पडद्यावरील बाण जागचा हलेना. हलला तर भलतीकडे उडी घेई. माऊस बिघडले, असा निकाल देऊन आम्हीं ते पेटींत भरले. इयत्ता आठवीच्या एका मुलीनें त्यांतील एकाखालीं सहज आपली वही ठेविली, आणि तो सुरळीत चालूं लागला. "सर, असें कां?" तिनें विचारलें. आम्हांस सांगतां आलें नाहीं. पदवीधर शिक्षकास हें शोभलें नाहीं, हें येथें कबूल करितों.

मग आम्हीं एक माऊस उघडला. त्याच्या तळाशीं एक लहानसा दिवा असतो, बहुधा तांबडा. त्याचा प्रकाश टेबलावर अगदीं तिरपा पडतो. ह्यांतील मर्म शेतकऱ्याच्या मुलास त्वरित कळेल. नांगरलेलें काळें रान भर दुपारीं सपाट दिसतें. पण सूर्य कलला म्हणजे एकेक ढेकूळ सावली टाकून उठून दिसतें. कागदाच्या तंतूंच्याही अशाच सावल्या पडतात. त्यांचें चित्र भिंगांतून एका चिमुकल्या संवेदकावर उमटतें. एका साध्या प्रकारांत तें चित्र आडवे १८ व उभे १८, म्हणजे अवघ्या ३२४ ठिपक्यांचें असतें. परंतु अशीं चित्रें एका सेकंदांत सुमारें १५०० घेतलीं जातात. हात सेकंदास १५ सेंटिमीटर सरकला, तर दोन चित्रांमध्यें मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाच फरक पडतो. म्हणून मागच्या चित्रांतील बहुतेक खुणा पुढच्यांतही सांपडतात. आंतील गणकयंत्र नवें चित्र जुन्यावर चोहों बाजूंस सरकवून पाहतें; जेथें तें उत्तम जुळतें, त्यावरून हात किती व कोणीकडे हलला हें ठरतें. आपण कोठें आहों, हें माऊसास कधींच कळत नाहीं. मागच्या क्षणापासून किती सरकलों, एवढेंच कळतें.

स्वच्छ कांचेंतून प्रकाश आरपार जातो, किंवा आरशाप्रमाणें दुसरीकडे परततो. सावली नाहीं, खूण नाहीं. मग जुळवावें काय?

डग्लस एंगलबार्ट ह्यांचा १९६४ सालचा पहिला माऊस लाकडी पेटीचा असून दोन चाकांवर चाले. पुढें चाकांच्या जागीं गोळी आली; तिला धूळ चिकटे. १९८० च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माऊस निघाले, परंतु त्यांस खुणा आंखलेला खास पृष्ठभाग लागे. साध्या टेबलावर चालणारे माऊस १९९९ पासून बाजारांत पसरले.

कोणी म्हणेल, "परीक्षेंत हें विचारीत नाहींत, मुलांस यंत्र चालवितां आलें म्हणजे पुरे." आम्हांस हें पटत नाहीं. कोठें दाबावें एवढेंच ज्यास शिकविलें, तो यंत्र अडतांच तें टाकून नवें मागतो. आम्हीही तेंच करीत होतों. वहीनें भागणारें काम शेंकडों रुपयांवर नेणार होतों. ज्या जालन्यांत भंगार वितळवून लोखंडी सळ्या होतात, तेथें मोडक्या वस्तूस मोल नाहीं असें कोण म्हणेल? प्रत्येक शाळेनें एक निकामी माऊस राखून ठेवावा, आणि वर्षाच्या पहिल्याच तासास तो मुलांकडून उघडवावा. खर्च काय तो एका पेचकसाचा.

कांचा आम्हीं काढिल्या. धूळ पुन्हा बसते. ती रोज पुसावी लागते. माऊस मात्र सर्व चालूं आहेत, एक सोडून. जो आम्हीं उघडला, तो आम्हांस पुन्हा जुळवितां आला नाहीं. जूनमध्यें येणाऱ्या वर्गासाठीं तोच ठेविला आहे.