जुलैच्या उन्हाचा हिशेब

मे सरत आला की खारेपाटणपासून विजयदुर्गपर्यंतच्या खाडीपट्ट्यात यंत्रं एकामागोमाग एक उभी राहू लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून होड्या काठावर ओढून शाकारल्या जातात. जलपर्यटनाच्या बोटी त्याच्याही आधी थांबतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत हलत नाहीत. चिरेखाणींत पाणी भरतं, त्यामुळे तिथले ट्रक आणि जनरेटर ताडपत्रीखाली जातात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून पर्यटकांसाठी बांधून घेतलेल्या गाड्या आणि ट्रेलर यांचीही या विसाव्यात भर पडते आहे. या साऱ्यांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. नारळी पौर्णिमेला किंवा गणपतीच्या तोंडावर किल्ली फिरवली की नुसता टक्-टक् आवाज येतो, आणि मग आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाचा फोन एकाच आठवड्यात वाजू लागतो. यावर छोटं सौर पॅनेल हा उपाय आता सर्रास विकला जातो. उपाय बरोबर आहे, पण बसवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते आहे. आमचं म्हणणं असं की कोकणात आधी गळती बंद करावी, मग पॅनेल जुलैच्या उन्हावर मोजून घ्यावं, आणि बॅटरीला उरलेल्या वर्षाच्या उन्हापासून वाचवायला कंट्रोलर बसवावा. हा क्रम मोडला तर ग्राहकाचे पैसे जातात आणि बॅटरीही जाते.

आधी गळतीचं बघू. लेड-ॲसिड बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी आपोआप उतरते. नव्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला साधारण पाच टक्के धरावं. जुन्या, अँटिमनी जास्त असलेल्या प्लेटांच्या बॅटरीत ते दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुपटीने वाढतो. शंभर ॲम्पिअर-अवरच्या नव्या बॅटरीचा हिशेब केला तर ही घट दिवसाला ०.१७ ॲम्पिअर-अवर होते. आता तिच्या शेजारी गाडीतली गळती ठेवून पाहा. घड्याळ, अलार्म, म्युझिक सिस्टिमची आठवण आणि २०१९ पासून नोंदवलेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना सक्तीचा झालेला ट्रॅकर मिळून तीस मिलिॲम्पिअर ओढत असतील, तर दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-अवर जातात. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत हीच गळती ६६ ॲम्पिअर-अवर होते. म्हणजे बॅटरी मरते ती स्वतःच्या स्वभावाने कमी आणि आपण जोडून ठेवलेल्या गोष्टींनी जास्त. एकदा ती अशी उतरून पडली की प्लेटांवरचं लेड सल्फेट बारीक राहत नाही. त्याचे टणक खडे बनतात, आणि नंतर कितीही वेळ चार्जिंगला लावा, गेलेली क्षमता पूर्ण परत येत नाही. मोकळ्या टर्मिनलवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. उभ्या गाडीत १२.४ ही आपली खालची सीमा मानावी.

ही गळती मोजायला पाच मिनिटं पुरतात असं समजू नये. साधा क्लॅम्प मीटर इतका लहान प्रवाह धड दाखवत नाही. मल्टिमीटर दहा ॲम्पिअरच्या खोबणीत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये जोडावा, दारं लॉक करावीत आणि थांबावं. नव्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक युनिट्स झोपायला कधी कधी अर्धा तास घेतात. सुरुवातीला मीटरवर कित्येक ॲम्पिअर दिसतील, मग आकडा पायरीपायरीने उतरेल, आणि जिथे तो स्थिर होईल ती खरी गळती. मीटर जोडलेला असताना कुणी सेल्फ मारणार नाही एवढी खबरदारी घ्यावी, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. आकडा हाती आल्यावर बॅटरीजवळ कटऑफ स्विच बसवला की बहुतेक गाड्यांचं अर्धं काम तिथेच होतं.

यावर कुणी विचारेल की कटऑफ टाकल्यावर तीन महिन्यांत नवी बॅटरी पंधरा-वीस टक्केच उतरणार, मग पॅनेल कशाला? आक्षेप रास्त आहे. बॅटरी नवी असेल, पूर्ण भरून ठेवली असेल आणि मध्ये एकदा कुणी चार्जर लावणार असेल, तर पॅनेल नको असं ग्राहकाला सरळ सांगावं. पण आपल्याकडे येणाऱ्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांच्या असतात. त्यांच्या डोक्यावर खारा ओलावा साचतो आणि दोन टर्मिनलांमधून थेंबाथेंबाने वीज झिरपते. धक्क्यावर प्लग नसतो, आणि असला तरी पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. दीडशे ॲम्पिअर-अवरची, चाळीस-पंचेचाळीस किलोची बॅटरी चिखलातून घरी नेऊन परत आणणं हे सांगायला सोपं आहे, दरवर्षी करणारे थोडे. शिवाय पाण्यातच नांगरलेल्या बोटीचा उपसा पंप किंवा विम्यासाठी चालू ठेवावा लागणारा ट्रॅकर यांना कटऑफ टाकताच येत नाही. पॅनेलची खरी जागा तिथे आहे.

आता दुसरा, जास्त ऐकू येणारा आक्षेप: पावसाळ्यात ऊनच नसतं, तर पॅनेल काय करणार? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैतलं ऊन मे महिन्याच्या जवळपास निम्म्यावर येतं. सलग झड लागली की त्याहूनही खाली. म्हणून हिशेब करताना दिवसाला एकच तास पूर्ण ऊन धरावं अशी आमची शिफारस आहे. दहा वॅटचं पॅनेल एका तासात साधारण ०.५५ ॲम्पिअर-अवर देतं. कटऑफ टाकलेल्या नव्या बॅटरीला ते पुरतं, जुन्या बॅटरीला वीस वॅट घ्यावं, आणि ट्रॅकर चालू ठेवायचा असेल तर तीस-चाळीस वॅटपर्यंत जावं. उपसा पंपाचा हिशेब वेगळा. तो किती वेळ चालतो हे कळल्याशिवाय आकडा सांगूच नये. सांगायचा मुद्दा असा की बॅटरी राखायला लागणारी वीज इतकी थोडी आहे की ढगातून झिरपणारा उजेडही ती देतो. पावसाळ्यात ऊन नाही या समजुतीवर शंभर वॅटचं पॅनेल गळ्यात मारण्याची गरज नाही.

पॅनेल कसं ठेवायचं याबद्दलची माहितीपत्रकं बहुधा युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी लिहिलेली असतात. तिथे ट्रेलर बर्फात उभा असतो, उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठण्याची भीती असते आणि सूर्य दक्षिणेला क्षितिजाजवळ असतो, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे चांगलं उभं करा असा सल्ला असतो. खारेपाटण साधारण साडेसोळा उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे गाड्या उभ्या असतात नेमक्या त्याच काळात दक्षिणेला कललेलं पॅनेल सूर्याकडे पाठ फिरवतं. त्यात ढगाळ दिवसाचा उजेड साऱ्या आभाळातून येतो, आणि आडव्या पॅनेलला सर्वांत जास्त आभाळ दिसतं. पाणी आणि शेवाळ साचू नये एवढाच, पाच-दहा अंशांचा उतार द्यावा. माडाची एखादी झावळी काही सेलांवर आली तरी उत्पादन कोसळतं, म्हणून ताडपत्रीवर कुठेही पॅनेल टाकून मोकळं होऊ नये. शेडच्या पत्र्यावर जागा शोधून केबल खाली आणावी.

कंट्रोलरशिवाय भागतं असं सांगणारे या धंद्यात पुष्कळ आहेत. पॅनेलचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या शंभराव्या भागापेक्षा कमी असेल तर चालतं, असा जुना आडाखा ते देतात. जुलैपुरता तो खरा ठरेलही. पण पॅनेल एकदा बसलं की ते काढतो कोण? ऑक्टोबरच्या किंवा मेच्या लख्ख उन्हात चाळीस वॅटचं पॅनेल दिवसाला दहा-बारा ॲम्पिअर-अवर भरलेल्या बॅटरीत कोंबत राहतं. पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं, पातळी प्लेटांच्या खाली जाते आणि पॉझिटिव्ह प्लेटांची जाळी झिजते. कंट्रोलर हवाच, आणि फ्लोट १३.५ ते १३.८ व्होल्टमध्ये ठेवून उष्णतेप्रमाणे तो खाली आणणारा हवा. मात्र कंट्रोलर विकत घेताना तो स्वतः किती खातो हे जरूर पाहावं. सतत पेटलेला डिस्प्ले असलेला स्वस्त कंट्रोलर दहा मिलिॲम्पिअर घेत असेल, तर दिवसाला ०.२४ ॲम्पिअर-अवर झाले, म्हणजे नव्या बॅटरीच्या नैसर्गिक घटीपेक्षा जास्त! राखण करणाराच धान्य खाऊ लागला तर पॅनेल मोठं करत बसावं लागतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आणि कथील चढवलेली तांब्याची वायर, या दोन गोष्टींत काटकसर नको. खाऱ्या हवेत साधी वायर आवरणाच्या आतून काळी पडत जाते आणि ते बाहेरून दिसत नाही. शुकनदीला पूर आला की खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरतं, तेव्हा सखल भागात उभ्या गाड्यांचा कंट्रोलर आणि जोडण्या पुराच्या खुणेच्या वर बांधाव्यात. लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांना हे सगळे आकडे लागू नाहीत. त्या अर्ध्याहून थोड्या जास्त भरून, जोडण्या तोडून ठेवलेल्या बऱ्या. सतत पूर्ण भरलेल्या ठेवणं त्यांना मानवत नाही.

एक प्रश्न उघड विचारला जात नाही, पण असतो: गणपतीआधीच्या पंधरवड्यात विकल्या जाणाऱ्या नव्या बॅटऱ्यांवर अनेकांचं वर्षाचं गणित बसलेलं असतं, ते आपणच का मोडायचं? ही काळजी आम्ही कमी लेखत नाही. पण उतरून मेलेली बॅटरी वॉरंटीत सहसा बसत नाही. त्या नकाराचा राग ग्राहक दुकानदारावर काढतो आणि पुढची खरेदी दुसरीकडे करतो. त्याउलट मे महिन्यातली गळतीची मोजणी, हायड्रोमीटरची तपासणी, कटऑफ, पॅनेल आणि ऑगस्टअखेरची फेरी हे दरवर्षी परत येणारं काम आहे, आणि ते भर गर्दीच्या पंधरवड्यात न येता मोकळ्या दिवसांत येतं.

एका तासाच्या उन्हाचा जो आकडा आम्ही सुचवला आहे, तो सावधपणे धरलेला आहे आणि तपासून घेण्याजोगा आहे. वाचकांनी या हंगामात बसवलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी: बॅटरीचं वय आणि क्षमता, मोजलेली गळती, पॅनेलचे वॅट, ते कोणत्या दिशेला आणि किती कललेलं आहे, मेअखेरचा व्होल्टेज, शक्य झाल्यास जुलैच्या मध्यावरचा, आणि गाडी बाहेर काढली त्या सकाळचा. बिघडलेल्या जोडण्यांच्या नोंदी तर आवर्जून पाठवाव्यात. दिवाळीनंतरच्या अंकात त्या तालुक्यावार छापू, म्हणजे पुढच्या मेमध्ये वैभववाडीच्या घाटपायथ्याशी आणि देवगडच्या किनाऱ्यावर एकच पॅनेल पुरतं की नाही हे आपल्याच मोजणीवरून सांगता येईल.