देव अनेक, मोजपट्टी एक

विवेकवादावर लिहिणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही तो अधूनमधून असतोच : ‘गणपतीवर, सत्यनारायणावर एवढे लिहिता, अल्ला आणि येशूबद्दल लिहायची हिंमत आहे का?’ प्रश्नात राग असतो, म्हणून तो झटकून टाकायची सवय आमच्यापैकी अनेकांना लागली आहे. ही सवय बरी नाही. ज्याला कुठलाच देव मान्य नाही, त्याची सगळ्या देवांकडे बघण्याची नजर सारखी असते का आणि ती सारखी असावी का, हा प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

माझे उत्तर असे : वेगवेगळ्या धर्मांच्या देवांना विचारायचे प्रश्न वेगवेगळे असणारच, कारण प्रत्येक देवाच्या नावाने केला जाणारा दावा वेगळा असतो. पण दावा तपासायची मोजपट्टी सगळ्यांना एकच लावली पाहिजे.

भगतसिंगांनी ती लावली होती. ऑक्टोबर 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांनी ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला. वय 23 आणि फाशी समोर दिसत असलेली. लहानपणी आर्य समाजाचे संस्कार, शाळेच्या वसतिगृहात तासन्‌तास गायत्री मंत्राचा जप, हे सारे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. या निबंधात ते सगळ्या धर्मांना एकाच वाक्यात निकालात काढत नाहीत. हिंदूंना ते विचारतात की, माणसाचे दुःख ही गेल्या जन्माच्या पापाची शिक्षा असेल, तर अस्पृश्याच्या झोपडीत जन्मून अज्ञानात आणि अपमानात राहण्याने त्याची सुधारणा कशी व्हावी? मुसलमान आणि ख्रिस्ती माणसाला त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला तर पूर्वजन्माची सबबही नाही, तेव्हा सहा दिवसांत जग घडवून समाधान पावलेल्या तुमच्या देवाला आजचे तुरुंग आणि आजच्या गलिच्छ वस्त्या दाखवा आणि तो अजूनही समाधानी आहे का ते विचारा, असे त्यांचे म्हणणे. ज्या धर्माने दुःखाचा जो खुलासा दिला, तोच त्यांनी तपासायला घेतला. निकष मात्र सगळीकडे तोच, समोर दिसणारे माणसाचे दुःख.

दुसरे उदाहरण तर निव्वळ भौतिकशास्त्राचे आहे. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागला. देवळांपुढे रांगा लागल्या. सोंडेला चमचा टेकवला की दूध खाली जाई. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ते मूर्तीच्या पोटात न जाता अंगावरून पातळ थराने खाली ओघळताना दिसले. कारण पृष्ठताण. मार्च 2012 मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकणी चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून गोळा करू लागले. दिल्लीचे विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकु यांनी येऊन पाहणी केली. जवळचे गटार तुंबले होते आणि तिथले पाणी केशाकर्षणाने वर चढून पायांशी झिरपत होते. म्हणजे दोन्हीकडे द्रवाचे साधे गुणधर्म. पण इर्ल्याचा खुलासा दिल्यावर त्यांच्यावर ‘295 अ’ या कलमाखाली तक्रारी दाखल झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना फिनलंडला जावे लागले. धार्मिक भावना दुखावण्याचे हे कलम 1927 मध्ये इंग्रजांच्या राज्यात आले. आज ते भारतीय न्याय संहितेत 299 या क्रमांकाने कायम आहे. आमच्या देवाची चिकित्सा नको, हे म्हणण्याची मक्तेदारी कुठल्या एका धर्माकडे नाही.

मग बहुतेक नास्तिक आपल्याच घरच्या देवाशी जास्त भांडताना का दिसतात? कारण तिथली भाषा, तिथले सण, तिथला धाक त्यांनी आतून पाहिलेला असतो. तिथे बोलण्याची जबाबदारीही त्यांचीच असते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई उघड नास्तिक होते. पण 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत जो मोर्चा काढला, तो अल्ला आहे की नाही या प्रश्नावर नव्हता. तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध होता. 1970 मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. तलाकपीडित बाईला देवाच्या अस्तित्वावरचे व्याख्यान नको होते, तिला न्याय हवा होता, हे त्यांनी ओळखले.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचेही तसेच. देव न मानणाऱ्या या माणसाने शनिशिंगणापूरला बायकांना शनीच्या चौथऱ्यावर जाता आले पाहिजे म्हणून आंदोलन केले आणि उच्च न्यायालयाचे दारही ठोठावले. ज्या शनीला आपण मानत नाही, त्याच्यापाशी जायचा हक्क दुसऱ्यांसाठी मागायचा, यात अनेकांना विसंगती दिसली. मला तर नास्तिकतेचे सर्वांत प्रौढ रूप तिथेच दिसते. 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, तो चौथरा बायकांना खुला झाला. ते पाहायला दाभोलकर नव्हते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला होता. त्यांच्याच व्यासपीठावर अभिनेते डॉ. श्रीराम लागू येत आणि देवाला आता निवृत्त करा, असे स्वच्छ सांगत. दाभोलकर मात्र आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका वेगळी असल्याचे सांगत : देवाधर्माबाबत तटस्थ, शोषणाला विरोध. देव न मानणारे हे दोघे दोन परींनी बोलले आणि एकमेकांच्या शेजारी बसून बोलले.

एवढे फरक मला मान्य आहेत. पण तीन ठिकाणी मोजपट्टी वाकते आणि तिथे नास्तिकांनीच नास्तिकांना हटकले पाहिजे.

पहिली जागा आपलेपणाची. ‘द गॉड डिल्युजन’ लिहिणाऱ्या रिचर्ड डॉकिन्स यांनी 2024 मध्ये एका मुलाखतीत स्वतःला सांस्कृतिक ख्रिस्ती म्हणवून घेतले आणि इस्लामशी तुलना करायची तर आपण ख्रिस्ती धर्मच निवडू, असे सांगितले. नाताळची गाणी आवडणे गैर नाही. मलाही काकड आरतीचे सूर आवडतात. कुठल्या धर्मसंस्थेच्या हातून आज जास्त नुकसान होते, याची तुलनाही जरूर करावी. पण ‘आमचा देव खोटा असला तरी तुमच्याहून बरा’ इथवर गोष्ट आली, की ती देवाची चिकित्सा उरत नाही, ती जमातीची बाजू होते.

दुसरी जागा याच्या एक पाऊल पुढची. परक्याच्या देवावर तुटून पडायचे आणि घरच्या देव्हाऱ्यापुढे परंपरा म्हणून हात जोडायचे. यामागे शेजाऱ्याविषयीचा द्वेष असतो आणि नास्तिकतेचे नाव त्याला सोयीचे वाटते, इतकेच.

तिसरी जागा माझ्या पुरोगामी मित्रांची आहे. अल्पसंख्याकांच्या देवांबद्दल बोलायचेच नाही, कारण त्यांच्यावर आधीच दडपण आहे, ही भूमिका चांगल्या भावनेतून येते. पण तिची किंमत त्या समाजातल्या एकट्या बंडखोराला मोजावी लागते. मार्च 2017 मध्ये कोइमतूरमध्ये फारूक या पेरियारवादी कार्यकर्त्याचा खून झाला. मुस्लिम घरात जन्मून त्याने आपली नास्तिक मते उघड मांडली होती. दाभोलकरांसाठी दर वर्षी आपण जमतो, आणि जमलेच पाहिजे. फारूकचे नाव मात्र महाराष्ट्रात किती सभांमध्ये घेतले गेले?

श्रद्धावान वाचकांनाही एक सांगणे आहे. ‘फक्त आमच्याच देवावर का?’ हा प्रश्न चिकित्सा थांबवण्यासाठी विचारू नका, वाढवण्यासाठी विचारा. आणि नास्तिकांनो, आपल्या घरच्या देवापासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. दुसऱ्या समाजातली एखादी मुलगी तिच्या घरच्या देवाच्या नावाने होणाऱ्या अन्यायाविरुद्ध उभी राहिली, तर तिचा झेंडा हिसकावून आपल्या राजकारणासाठी वापरू नका आणि तिला एकटीही सोडू नका. ती मागेल ती मदत करा आणि तिच्या बाजूने जाहीरपणे उभे राहा.