उतारा खरा, की विंचूच सौम्य?

कोकणात विंचवाचा उतारा देणारा एखादा तरी माणूस पंचक्रोशीत असतोच. कोणी मंत्र म्हणतो, कोणी पाला चोळतो. त्याच्याकडून बरे होऊन आलेली माणसे खोटे बोलत नसतात, ती खरोखरच बरी झालेली असतात. कारण विंचू चावलेल्या बहुतेकांची रात्र तळमळण्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी वेदना आपसूक ओसरतात, उतारा दिला तरी आणि न दिला तरी. ज्या दुखण्यातून बहुतेक माणसे आपोआप उठतात, त्यावर काहीही दिले तरी ते ‘लागू पडते’.

गंमत म्हणजे हा पेच मांत्रिकापुरता नाही. कोट घातलेल्या, पदवी लावलेल्या माणसाने दिलेल्या इंजेक्शनालाही तो तसाच लागू आहे. ‘माझे रुग्ण बरे होतात’ हे दोघांचेही म्हणणे, आणि दोघांचाही पुरावा तेवढाच. औषधाची चाचणी म्हणजे क्लिनिकल ट्रायल ही या पेचातून सुटण्याची वाट आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात मात्र ‘चाचणी’ हा शब्द काढला की लोक म्हणतात, ‘आमच्यावर प्रयोग नकोत.’ ही भीती समजण्यासारखी आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याला उत्तर द्यायला विंचवाइतके घरचे उदाहरण दुसरे नाही.

जांभ्या दगडाच्या गडग्यात, लाकडाच्या रचलेल्या ढिगात, पेंढ्यात, कौलांच्या सापटीत राहणारा लाल विंचू काळ्या विंचवापेक्षा आकाराने लहान; पण जीव घेतो तो हाच. त्याच्या विषाने शरीरातल्या मज्जातंतूंना एकाएकी चेव येतो आणि अॅड्रिनॅलीनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार, पुरुषांत लिंगाला ताठरता ही सुरुवातीची लक्षणे. रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरू लागते. लहान मूल असेल तर हे सारे फार झपाट्याने घडते.

यावर एकेकाळी काय दिले जात नव्हते? अॅट्रोपिन, स्टेरॉइड, अॅलर्जीची औषधे, झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण. प्रत्येकामागे काही तरी तर्क होता आणि प्रत्येकाचे बरे झालेले रुग्ण होते. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६च्या सुमारास रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वेगळे केले ते एवढेच, की त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. कोणते लक्षण आधी येते, कोणते नंतर, कोण दगावतो. या नोंदी १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी विषाने उठलेले हे वादळ नेमक्या जागी अडवते, असे त्यांना दिसले आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या दोन दशकांत गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले, असे बावस्करांच्या नोंदी सांगतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिनची ही पहिली कामगिरी चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतली नव्हती. आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण, अशी ती तुलना होती. फरक इतका मोठा होता की अर्ध्या रुग्णांना गोळी न देता बघत बसा, असे सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. शंभरातले तीस मरत होते, आता एखादाच मरतो, हे दिसायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. पण औषधांच्या जगात असे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा फरक पाच-दहा टक्क्यांचा असतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, किंवा नसला तरी दिसल्यासारखा वाटतो.

खरी चाचणी पुढच्या प्रश्नासाठी लागली. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावरची लस तयार केली. सर्पदंशावर देतात तशीच ही घोड्याच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविषाची लस. गोळी असताना लस हवीच कशाला, हा प्रश्न रास्त होता आणि परदेशाकडे बघून त्याचे उत्तर मिळत नव्हते. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत, विंचू चावलेल्या सरसकट सगळ्यांना लस देऊन काही फायदा दिसला नव्हता. उलट अमेरिकेतल्या अॅरिझोनात अवघ्या १५ मुलांच्या चाचणीत (२००९) लस मिळालेली आठही मुले चार तासांत शांत झाली. लसीऐवजी नुसते पाणी टोचलेल्या सातांपैकी एकच. दोन्ही चाचण्या नामांकित, दोन्ही प्रामाणिक, आणि उत्तरे परस्परविरोधी. तिकडचा विंचू वेगळा, लस वेगळी आणि चाचणीत घेतलेले रुग्णही वेगळे. आता कोकणातल्या डॉक्टरने यातले कोणते मानायचे?

कोणतेही नाही. आपल्या विंचवाची परीक्षा आपल्या अंगणातच व्हायला हवी होती, आणि ती झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लसीचा आपला अनुभव २००६ साली प्रसिद्ध केला. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांची चाचणी केली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि लस. कोण कोणत्या गटात हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, दैवावर. दहा तासांनी पाहिले तेव्हा लसही मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे होते. नुसत्या गोळीवरचे ८.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या चाचणीत कोणालाही औषधाविना ठेवले नव्हते. जे तोवर सर्वांत चांगले ठाऊक होते ते दोन्ही गटांना मिळाले. प्रश्न होता तो त्यावर आणखी काही द्यावे का, याचा. ‘अर्ध्यांना खोटे औषध देतात’ ही जी समजूत आहे ती प्रत्येक चाचणीला लागू नाही. आणि चिठ्ठी टाकण्यात अन्यायही नाही. चिठ्ठी नसती तर डॉक्टरने नकळत अधिक आजारी माणसाला लस दिली असती, किंवा ज्याचे नातेवाईक अधिक आग्रही त्याला, आणि मग लसीमुळे काय झाले हे कधीच कळले नसते.

त्रुटीही सांगायला हव्यात. चाचणी एकाच रुग्णालयातली. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते, त्यामुळे ‘बरा झाला’ असे ठरवताना हात थोडा सैल सुटू शकतो. सत्तर रुग्णांवरून मृत्यू किती टळतील हे सांगता येत नाही. लवकर बरे होतात, एवढेच सांगता येते. असे दोष उघड दिसतात म्हणूनच चाचणीला किंमत आहे. मंत्रात दोष काढता येत नाही.

‘आमच्यावर प्रयोग नकोत’ या भीतीला आधार नाही असे मात्र नाही. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला एचपीव्ही लशीचा प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला, तेव्हा आदिवासी मुलींच्या संमतीवरून उठलेले प्रश्न खरे होते. त्यानंतर नियम कडक झाले. चाचणीची सरकारी नोंद करणे २००९पासूनच बंधनकारक आहे. २०१९च्या नियमांनी नैतिकता समिती, संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हे सारे लिहून ठेवले. लिहिलेले पाळले जाते का, हे बघणारी नजर हवी, ती रुग्णाचीही. संमतीपत्र कोणत्या भाषेत आहे? ‘सहभागी व्यक्तीस यादृच्छिकीकरणाद्वारे…’ असे मराठी असेल तर ते मराठी नव्हे. रात्री दोन वाजता पोर छातीशी धरून आलेल्या आईला ते वाचायला देणे म्हणजे सही गोळा करणे. तिला एवढेच सांगायला हवे: बाई, गोळी तर देतोच आहोत, लसीने आणखी फायदा होतो का ते पाहतोय, नाही म्हणालात तरी उपचार तेच राहतील.

आणि चाचणी नको म्हटल्याने प्रयोग टळत नाही. ज्या औषधाचा पुरावा नाही ते रोज हजारोंना देणे हाही प्रयोगच. फक्त त्याची वही कोणी ठेवत नाही, संमती कोणी विचारत नाही आणि भरपाई कोणी देत नाही.

विंचू सोडा, लावणीच्या दिवसांतला लेप्टो घ्या. चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची गोळी द्यावी, याचा एक गाजलेला आधार पनामाच्या जंगलात गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांचा आहे. ते तिथे तीन आठवडे राहून परतले. गोळी न मिळालेल्यांत २० आजारी, मिळालेल्यांत एक. कोकणातली बाई मात्र सबंध पावसाळा पायाला भेगा घेऊन खाचरात उभी असते. अंदमानात झालेल्या चाचणीत गोळीने आजार कमी केला, पण संसर्ग रोखला नाही. राजापूर-लांज्याच्या शेतावर नेमके काय होते, हे तिथेच तपासून पाहायला हवे.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डेरवणला आधीपासून आहे. मोठ्या औषध कंपन्या विंचवासाठी पैसे घालणार नाहीत. ज्याला विंचू चावतो त्याची पत तेवढी नसते. मग हे काम सरकारी पैशातून, जिल्ह्यातल्याच अध्यापकांनी करायचे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यात होऊन गेलेल्या मधुमेहाच्या विषयांवर पुन्हा प्रबंध लिहायला लावण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचे ठरेल.

करण्याजोगे शिल्लकही आहे. महाडच्या चाचणीत घेतलेले रुग्ण हृदय आणि फुप्फुसे अजून शाबूत असतानाच पोचलेले होते. रात्री एखाद्या वाडीवर पोराला विंचू चावतो, आधी उताऱ्यात दोन तास जातात, मग रिक्षा शोधण्यात एक, आणि रुग्णालयात येईपर्यंत तोंडाला फेस आलेला असतो. त्या वेळी लस देऊन उपयोग होतो की नाही, याचे उत्तर त्या सत्तर जणांत नाही.