समुद्राचा हिशेब आणि बाळापूरची पेरणी

मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापूरकरांस समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु येथील कोरडवाहू कपाशीचे भवितव्य त्याच्याच तापमानाशी निगडित आहे. १९९७ साली प्रशांत महासागरात प्रबळ ‘एल निनो’ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. पश्चिम हिंदी महासागरातील उबदार पाण्याने तो सावरला, असे अभ्यासक मानतात. आज ‘आर्गो’ची तरंगती उपकरणे सुमारे दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून तापमान व क्षारता मोजीत वर येतात आणि ही माहिती सर्वांस विनामूल्य मिळते. अशा सार्वजनिक संपत्तीवरील खर्चात काटकसर करणे म्हणजे दुबार पेरणीचा धोका शेतकऱ्याच्या माथी मारणे होय. मात्र हे ज्ञान मृगापूर्वी बांधावर पोहोचले नाही, तर ते कागदावरच राहील.